ताईच्या गाडीचा एसी: कामाच्या नोंदी

६ एप्रिल, रविवार

ताईची गाडी काल रात्रीपासून आपल्या अंगणात, कडुनिंबाखाली. २००९ ची छोटी हॅचबॅक. नागपूरच्या उमरेड रोडवरच्या शाळेत रोजचं जाणं-येणं, रस्त्याची धूळ, तरी इंजिन ठणठणीत. तक्रार दरवर्षीचीच: "एप्रिल लागला की गॅस संपून जाते रे." गॅरेजवाला गॅस भरून देतो, पावसाळ्यापर्यंत कसंबसं निभतं, मग गरज सरते आणि पुढच्या एप्रिलात पुन्हा गॅस.

एसीतला गॅस खर्च होत नाही. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, एक्स्पान्शन वॉल्व, कूलिंग कॉइल आणि परत कॉम्प्रेसर, असा तोच तो फिरत राहतो. रबरी पाइपांतून वर्षाकाठी थोडा झिरपतो हे खरं, पण वर्षभरात सगळा उडून जात नाही. म्हणजे ताई दरवर्षी गळतीचं बिल भरते आहे. या कामात गॅस भरणं सगळ्यात शेवटी.

मी कळमन्याच्या शीतगृहात अमोनिया (तिथला थंड करणारा गॅस) सांभाळतो. अमोनियाचं एक बरं असतं, जरासा सुटला तरी नाक बोंब मारतं. गाडीतला आर-१३४ए बिनरंगी आणि जवळजवळ बिनवासाचा. निघून जातो, पत्ता लागू देत नाही. मागे ठेवतो तो फक्त तेलकट डाग, कारण कॉम्प्रेसरचं तेल गॅससोबतच फिरत असतं.

सकाळी सहाला इंजिन गार असताना दाब मोजणारे गेज लावले. बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलंय: आर-१३४ए, ४८० ग्रॅम, तेल पीएजी ४६. हवा २८ अंश. इतक्या तापमानाला नळ्यांत द्रव गॅस थोडा जरी शिल्लक असेल तर काटा ९० पीएसआयच्या (दाबाचं माप) आसपास हवा. मिळाले २२. म्हणजे द्रव संपला, उरली ती नुसती वाफ. उलटं मात्र खरं नाही. बंद गाडीवर ९० दिसले म्हणून गॅस पुरेसा आहे असं कोणी समजू नये. शंभर ग्रॅम असो की पाचशे, बंद गाडीत काटा तापमानच सांगतो.

कोड्यात टाकणारी गोष्ट वेगळी. २२ वर कॉम्प्रेसरचा क्लच (तो इंजिनला जोडणारा) लागायलाच नको. साधारण ३० पीएसआयच्या खाली प्रेशर स्विच कॉम्प्रेसर चालू होऊ देत नाही. पण ताई सांगते, बटण दाबलं की 'टक्' होतं. स्विचपर्यंत हात घातला तर कनेक्टर उपटलेला. त्याच्या दोन खाचांत तांब्याच्या तारेचा वाकवलेला तुकडा, वरून काळी टेप. टेप उन्हाने पाघळून चिकट झालेली, तार टोकाला हिरवी पडलेली. म्हणजे हे या वर्षीचं काम नाही.

ही तार साधी बाब नाही. हाच स्विच दाब फार वाढला, साधारण ४५० पीएसआयच्या पुढे गेला, तरी कॉम्प्रेसर बंद करतो. शिवाय गॅस नसला की तेल परत येत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा फिरतो. कुणीतरी दहा मिनिटं वाचवायला वरचं आणि खालचं, दोन्ही संरक्षण काढून टाकलं. तार काढली. क्लच गप्प झाला.

९ एप्रिल

कामठी रोडवर उस्तादांकडे गेलो. जुने एसी मेकॅनिक, आर-१२ या जुन्या गॅसच्या जमान्यापासूनचे. त्यांच्याकडे रिकव्हरी मशीन आहे (गॅस हवेत न सोडता काढून घेणारी), रविवारसाठी मागितली. ते हसले. "बावीस पीएसआयसाठी मशीन काऊन न्यून राह्यले भाऊ? पिन दाबा, फुस्स करा, मोकळे व्हा."

मी म्हटलं, उस्ताद, या गॅसचा एक किलो हवेत सोडला की शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या १४३० किलोंइतकी गरमी वाढते. ताईच्या गाडीतले ४८० ग्रॅम म्हणजे जवळजवळ सातशे किलो, आणि ते दर एप्रिलला. आर-१२ तर ओझोनच खायचा, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर त्याचा बाजार उठला. १३४ए ओझोनला हात लावत नाही, पण तापमान वाढवतो म्हणून २०१६ साली किगालीच्या बैठकीत त्याचंही नाव कमी करायच्या गॅसांच्या यादीत आलं. भारताने ते २०२१ मध्ये मान्य केलं. उस्तादांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उनामंदी कोण आपल्यापेक्षा जास्त समजणार बाप्पा, न्या मशीन." पण मशीन एकटी देत नाहीत, स्वतः येणार म्हणाले. चांगलंच झालं.

निघताना त्यांनी फडताळातून पितळी हॅलाइड टॉर्च काढून दाखवला. ज्योतीजवळ आर-१२ आला की तांब्याच्या पत्रीमुळे ज्योत हिरवी व्हायची, त्यावरून गळती सापडायची. १३४ए मध्ये क्लोरीनच नाही, ज्योत हिरवी होणार कशी? उलट हा गॅस ज्योतीत सापडला की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतं, ते फुप्फुसं जाळतं. वस्तू सुंदर आहे, फडताळातच शोभते.

१३ एप्रिल, रविवार

उस्ताद साडेसहाला हजर, तोंडात बिडी. बिडी बाहेर रस्त्यावर विझवायला लावली. तीच हायड्रोजन फ्लोराइडची गोष्ट, फक्त टॉर्चऐवजी बिडी. थोडे रुसले, पण विझवली.

दुसरं, डोक्याचा गमछा. नागपूरच्या उन्हात गमछ्याशिवाय कोणी बाहेर पडत नाही, पण बोनेटखाली वाकलं की त्याचं टोक बरोबर फॅनबेल्टकडे जातं. कंडेन्सरचा पंखा तर इंजिन बंद असतानाही केव्हाही सुरू होऊ शकतो. गमछे उतरवून टोप्या घातल्या. डोळ्यांना गॉगल, तोही बाजूने बंद असलेला, उन्हाचा नव्हे. हातात जाड मोजे. द्रव १३४ए मोकळ्या हवेत उणे २६ अंशांना उकळतो. कातडीवर उडाला तर कातडी गोठते, बुबुळावर उडाला तर डोळा जाऊ शकतो. हातावर पडलाच तर चोळायचं नाही, कोमट पाण्यात धरायचं आणि डॉक्टर गाठायचा.

जागा मुद्दाम उघडी घेतली. उस्तादांच्या दुकानात खड्डा आहे, तिथे हे काम करू नये असं माझं ठाम मत. गॅस हवेपेक्षा साडेतीन पट जड, खड्ड्यात साचतो, प्राणवायूची जागा घेतो आणि वास नसल्यामुळे माणसाला कळतही नाही. अमोनियाच्या प्लांटवर लोक घाबरतात म्हणून वाचतात. इथे घाबरवणारं काहीच नसतं.

मशीनने उरलेला गॅस रिकव्हरी सिलिंडरमध्ये ओढला. वजनकाट्यावर जेमतेम ३० ग्रॅम. उस्ताद माझ्याकडे बघून पुन्हा हसले. हसू दे. सिलिंडर ८० टक्क्यांच्या वर भरायचा नाही, ही अट त्यांच्याही तोंडपाठ आहे. उन्हात द्रव फुगतो आणि त्याला जागा लागते. वापरून फेकायच्या सिलिंडरमध्ये काढलेला गॅस भरणारे लोकही या शहरात आहेत. त्यांच्या शेजारी मी उभा राहणार नाही.

१४ एप्रिल

आंबेडकर जयंतीची सुट्टी. संविधान चौकाकडे सकाळपासून गर्दी, सुट्या भागांची दुकानं बंद. घरी नायट्रोजन आहे, गळती शोधायला आजचा दिवस बरा.

सिलिंडर कडुनिंबाच्या बुंध्याला साखळीने बांधला. भरल्या सिलिंडरमध्ये १५० बारच्या आसपास दाब असतो. रेग्युलेटरशिवाय जोडला तर कूलिंग कॉइल फुटेल आणि पत्रे उडतील. रेग्युलेटर १५० पीएसआयवर बांधला. हा आकडा पीएसआयमध्ये आहे, बारमध्ये नाही, हे भाच्याला दोनदा सांगितलं.

भाच्याने विचारलं, पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा भरली तर? नाही. हवेत ओलावा असतो, हे एक. आणि १३४ए दाबाखाली हवेत मिसळला तर पेट घेऊ शकतो, हे जास्त महत्त्वाचं. ऑक्सिजन तर अजिबात नाही, तेल आणि दाबातला ऑक्सिजन मिळाले की स्फोटच. वेल्डिंगवाल्याकडून सिलिंडर आणताना रंगावर आणि नावावर दोन्हीवर नजर हवी.

भांड्याच्या लिक्विडचं घट्ट पाणी केलं आणि ब्रशने एकेक जोड भिजवला. लो साइडच्या (कमी दाबाच्या बाजूच्या) सर्व्हिस पोर्टवर, म्हणजे गॅस भरायच्या तोंडावर, टोपीच नव्हती. पिनच्या तोंडावर लगेच फेस आला. एक सापडली. उस्ताद म्हणाले, झालं. मला ते पुरेसं वाटेना, कारण तेलाचा डाग पोर्टवर नाही, कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात आहे. तिथे पाणी लावलं आणि दोघं उकिडवे बसून राहिलो. बराच वेळ काही नाही. मग नटाच्या कडेला साबुदाण्याएवढा एक बुडबुडा उगवला, थांबला, फुगला, फुटला. त्याच जागी पुन्हा एक.

दाब सोडून (नायट्रोजन हवेत सोडायला हरकत नाही, हवेत तोच जास्त आहे) जोड उघडला. आत काळी रबरी ओ-रिंग, चपटी झालेली, एका बाजूला चिरलेली आणि जाडीला मूळ रिंगपेक्षा कमी. आणि त्यावर आटे भरून गुंडाळलेली पांढरी टेफलॉन टेप, नळाला लावतात ती. या जोडात आट्यांवर काही अडत नसतं, सगळा भार रिंगवर असतो. टेपने काहीच साधलं नाही, उलट तिचे धागे आत गेले असतील तर एक्स्पान्शन वॉल्वच्या बारीक छिद्रात अडकणार. उघड्या तोंडांना लगेच रबरी बुचं लावली.

दर एप्रिलला भरलेले पैसे आणि ही एवढीशी रिंग. ताईला दाखवली. ती काही बोलली नाही. रिंग उचलून पर्समध्ये ठेवली. गॅरेजवाल्याकडे जाणार बहुतेक.

१७ एप्रिल

सामान आणलं. १३४ए ला चालणाऱ्या एचएनबीआर रबराच्या ओ-रिंगा, दोन्ही पोर्टच्या पिना आणि टोप्या, स्विचचा नवा कनेक्टर, ड्रायर (आतला ओलावा शोषणारा), पीएजी ४६ तेलाचा छोटा सीलबंद डबा. रिंगा बहुधा हिरव्या येतात, पण रंगावर भरवसा ठेवू नये, दुकानदाराला मटेरियल विचारावं. त्याने 'लीक बंद करणारं' एक औषधही पुढे केलं: आत टाका, आपोआप बुजतं. ओलावा लागला की ते घट्ट होतं. गळतीच्या जागी होतं तसं वॉल्वमध्येही होतं, आणि पुढे ज्याच्या रिकव्हरी मशीनमध्ये जाईल त्याचीही मशीन बसते. नको म्हटलं.

२० एप्रिल, रविवार

कंडेन्सर पाण्याने धुतला. धूळ, किडे आणि सावरीचा कापूस, एप्रिलमध्ये उडतो तो, पापुद्र्यासारखा जाळीवर बसलेला. पाण्याची धार आतून बाहेर, कमी दाबाची. धुलाई सेंटरच्या पंपाने जाळीची पाती आडवी होतात.

कॉम्प्रेसर उतरवून तेल मोजपात्रात काढलं. रंग थोडा काळपट, पण चंदेरी चुरा नाही. तारेच्या प्रतापानंतर मला चुऱ्याचीच भीती होती. मॅन्युअलप्रमाणे मोजून नवं तेल घातलं. ड्रायर बदलला, त्याची बुचं शेवटच्या क्षणी काढली. व्हरांड्यातला कूलर नेमका आमच्या दिशेने ओली हवा फेकत होता, तो बंद करायला लावला. पीएजी तेल हवेतला ओलावा भराभर ओढून घेतं. एप्रिलमधली नागपूरची कोरडी हवा या कामाला उत्तम, पण कूलरसमोर बसलं तर ती नागपूरची राहत नाही.

नव्या रिंगांना तेल लावून जोड आवळले. एक पाना एका नटावर फिरवायला, दुसरा समोरच्या नटावर धरायला, म्हणजे ॲल्युमिनियमची नळी पिळली जात नाही. संध्याकाळी सहाला पुन्हा नायट्रोजन, १५० पीएसआय, हवा ३९ अंश.

२१ एप्रिल

सकाळी सहाला काटा १४४ वर. भाचा ओरडला, "मामा, गळून राह्यलं!" त्याला वही काढायला लावली. संध्याकाळचे ३९ अंश, सकाळचे २७. वायू थंड झाला की दाब उतरतो. वातावरणाचा दाब धरून केल्व्हिनमध्ये हिशोब केला की १५० चे १४४ च व्हायला हवेत. एक थेंब गळत नाही. हा हिशोब न करता नागपुरात रात्रभराची टेस्ट घेणारा सकाळी विनाकारण जोड उघडत बसेल.

२७ एप्रिल, रविवार

व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने नळ्यांतली हवा आणि ओलावा ओढून काढणं. पुस्तकात २९.९ इंच (पाऱ्याचे) लिहिलेलं असतं, आपला काटा साडेअठ्ठावीसच्या थोडा पुढे जाऊन थांबला. पंपात दोष नाही. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर, त्यात उन्हाळ्यात हवेचा दाब आणखी कमी, इथे पूर्ण पोकळीही एवढीच दाखवणार. म्हणून प्लांटवरून मायक्रॉन गेज (पोकळी बारकाईने मोजणारं) आणलं होतं. पाऊण तास पंप चालवल्यावर ५०० मायक्रॉनच्या खाली आलं. पंप बंद करून सोडलं, थोडं चढून स्थिरावलं. गळती असती तर चढतच राहिलं असतं, ओलावा असता तर बरंच वर जाऊन थांबलं असतं. बोनेट उन्हात तापलेलं असणं इथे फायद्याचं, गरम नळ्यांतलं पाणी लवकर उकळून निघतं.

गॅस उस्तादांनी आणला, १३.६ किलोचा सीलबंद सिलिंडर, ओल्या पोत्यात गुंडाळून, उघड्या रिक्षातून. बंद गाडीच्या डिकीत अजिबात नाही. सिलिंडर ५० अंशांच्या वर जाऊ द्यायचा नसतो आणि मेमधली डिकी ६० सहज गाठते.

भरण्याआधी सिलिंडर सावलीत ठेवून त्याचाच दाब बघितला. ३४ अंशांना ११० पीएसआय, तक्त्याशी जुळतो. भेसळ असती तर बहुधा जुळला नसता. हा पुरावा नाही, खूण आहे. नकली गॅसची गंमत करू नये. २०११ मध्ये १३४ए च्या नावाखाली मिथाइल क्लोराइड मिसळलेला गॅस जहाजांच्या रीफर (माल थंड ठेवणाऱ्या) कंटेनरांत भरला गेला, ॲल्युमिनियमशी रासायनिक क्रिया होऊन हवेत पेटणारा पदार्थ तयार झाला आणि दुरुस्ती करणारी माणसं स्फोटात गेली. आपल्या गाडीचं कंडेन्सरही ॲल्युमिनियमचंच. बाजारभावापेक्षा फार स्वस्त मिळाला की हात आखडावा.

इंजिन बंद ठेवून पहिले ३०० ग्रॅम द्रव रूपात हाय साइडने (जास्त दाबाच्या बाजूने), वजनकाट्यावर बघत. मग गेजचा लाल नॉब, हाय साइडचा, बंद. तो बंद झाला हे मी बघितलं, उस्तादांनी बघितलं, मग चावी फिरवली. इंजिन चालू असताना लाल उघडला तर कॉम्प्रेसरचा दाब उलटा सिलिंडरमध्ये जातो, आणि छोटा कॅन असेल तर तो हातात फुटतो. उरलेला गॅस निळ्या, म्हणजे लो साइडच्या बाजूने, सिलिंडर उभा, वाफ म्हणून, थोडा थोडा. या बाजूने द्रव गेला तर कॉम्प्रेसरचे वॉल्व मोडतात. ४८० ला काट्यावर थांबलो.

उस्ताद हाताने पाइप चाचपून म्हणाले, "अजून पन्नास ग्रॅम घेते ही." त्यांचा हात चाळीस वर्षांचा आहे, पण तो आर-१२ वर घडलेला. मी स्टिकरचं ऐकलं.

अकरा वाजता, ३८ अंशांत: लो साइड ३८, हाय साइड २५०, पुढच्या जाळीतून १० अंशांची हवा. टोप्या लावल्या. तारीख, वजन आणि तेलाचा प्रकार लिहून बोनेटखाली चिकटवलं, म्हणजे पुढचा मेकॅनिक अंदाजाने काही ओतणार नाही.

३० एप्रिल

प्लांटवरच्या सहकाऱ्याची इलेक्ट्रिक गाडी, तिचाही एसी बघ म्हणाला. नाही म्हटलं. तिथे कॉम्प्रेसर बॅटरीच्या शेकडो व्होल्टवर चालतो, नारिंगी केबलला हात लावायचं प्रशिक्षण मला नाही. तेलही वेगळं, पीओई. माझ्या गेजच्या पाइपांत राहिलेलं पीएजी थोडंसं तिथे गेलं तरी इन्सुलेशन बिघडतं. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये ने, म्हटलं.

२५ मे, रविवार

नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस. ताईला घेऊन मुद्दाम भर दुपारी बर्डीच्या बाजारात गेलो. सिग्नलवर थांबून-थांबून जाळीतली हवा १३-१४ अंशांवर आली. परत आल्यावर अंगणात इंजिन चालू ठेवून गेज लावले: हाय साइड ३०० च्या थोडी वर. या उन्हात चालायचंच, पंखा व्यवस्थित लागतो आहे.

ताई म्हणते, गॅस नवीन भरल्यावर पहिले दोन-तीन दिवस यापेक्षा जास्त गार लागायची. लागत असेल, पण तेव्हा एप्रिलचा पहिला आठवडा असायचा. आता थोडा गॅस वाढवला तर कंडेन्सरमध्ये द्रव साचून दाब अजून चढेल, गारवा उलट कमी होईल. त्यापेक्षा गाडी सावलीत लावायची, निघताना काचा खाली करून आतली तापलेली हवा जाऊ द्यायची आणि मग आतलीच हवा फिरवणारं बटण दाबायचं. तिने ते परतीच्या वाटेवर करून बघितलं, फरक कबूल केला.

ब्लोअर पहिल्या नंबरवर चालत नाही, रेझिस्टर गेलेला दिसतो. रिकव्हरीतले ३० ग्रॅम उस्तादांच्या सिलिंडरमध्येच आहेत. माझा नायट्रोजनचा रेग्युलेटर ते परवा घेऊन गेले, अजून दिलेला नाही.